उजेडात जागं होणारं औषध



विज्ञानाचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा माणसं आणि तारखा सांगतो. आज आपण एका कल्पनेचा माग काढू. कल्पना अशी, की औषध शरीरभर फिरलं तरी चालेल, पण त्याने आपण सांगू तिथेच आणि सांगू तेव्हाच काम करावं. अंधारात ते निपचित पडून राहावं आणि उजेड पडला की जागं व्हावं. ऐकायला ही गोष्ट परीकथेसारखी वाटते. पण अशी औषधं आज प्रत्यक्षात आहेत. काही कर्करोगांवर ती वापरतात. दात्याचं रक्त दुसऱ्याला देण्याआधी त्यातले जंतू निकामी करायलाही हीच युक्ती वापरतात. कर्करोगाचा वॉर्ड आणि रक्तपेढी या दोन्ही ठिकाणी एकच कल्पना कशी पोचली, आणि पोचायला तिला इतकी वर्षं का लागली, हा आजचा विषय.

विषाला पत्ता कसा द्यायचा?

औषध आणि विष यांच्यातला फरक पुष्कळदा मात्रेचा असतो, हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं. कर्करोगात ही अडचण टोकाला जाते. जंतू परका असतो, त्याची घडण आपल्या पेशींहून वेगळी असते. म्हणून पेनिसिलिन त्याला मारतं आणि आपल्याला सोडतं. कर्करोगाची पेशी मात्र आपलीच असते. घरातलाच माणूस उलटला तर त्याला बाहेरच्यांनी ओळखायचं कसं? केमोथेरपी यावर ढोबळ उत्तर देते : ज्या पेशी भराभर वाढतात, त्यांना मार. पण केसांच्या मुळांच्या, आतड्याच्या अस्तराच्या, अस्थिमज्जेतल्या पेशीही भराभर वाढतात. त्याही मरतात. केस गळतात, तोंड येतं, रक्तातल्या पेशी घटतात.

या अडचणीला पहिलं नीट नाव दिलं ते जर्मनीच्या पाउल एर्लिखने. ‘जादूची गोळी’ हा त्याचाच शब्द : नेमकी लक्ष्यावर जाणारी आणि शेजाऱ्याला न दुखावणारी गोळी. ही कल्पना त्याला रंगांवरून सुचली. सूक्ष्मदर्शकाखाली तो पाहत असे, की एखादा रंग काही पेशींना घट्ट धरतो आणि काहींना शिवतही नाही. रंगाला जर पेशी ओळखता येत असेल, तर औषधाला का येऊ नये? १८९१ साली त्याने आणि गुटमनने मिथिलीन ब्लू हा कापड रंगवायचा निळा रंग हिवतापाच्या रुग्णांना दिला. हे नाव लक्षात ठेवा. रक्तपेढीत ते आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

एर्लिखच्या वाटेने पुढे गेलेली औषधं आज ‘टार्गेटेड थेरपी’ म्हणून आपल्या कानांवर येतात. रिटुक्सिमॅब १९९७ साली आलं, ट्रास्टुझुमॅब १९९८ साली, इमॅटिनिब २००१ साली. ही औषधं रासायनिक पत्ता वाचून जातात. पेशीवर किंवा पेशीत एखादी खूण असते, तिला ती धरतात. दुसरी वाट मात्र वेगळी निघाली. त्या वाटेवरच्या लोकांनी पत्ता औषधावर न लिहिता उजेडाने लिहिला. ती वाट आधी पाहू.

ऊन आणि बी

या वाटेचं सुरुवातीचं टोक आपल्या ओळखीचं आहे. अंगावर कोड उठलं, म्हणजे पांढरे डाग पडले, तर बावची लावून उन्हात बसायचं, हा उपाय आपल्याकडे जुना आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, कुष्ठाच्या अध्यायात, श्वित्रावर उंबराच्या जातीतल्या एका झाडाचा रस गुळाबरोबर प्यायला सांगितला आहे, आणि नंतर सोसेल तेवढं ऊन घ्यायला सांगितलं आहे. डागांवर फोड येतील, ते काट्याने फोडावेत, असंही पुढे म्हटलं आहे. रस आणि ऊन एकत्र आल्यावर त्वचेत काहीतरी जोरदार घडतं, हे कोणीतरी डोळसपणे पाहिलेलं असणार.

इजिप्तमध्येही हेच दिसतं. नाईलच्या खोऱ्यात अम्मी माजुस नावाची एक वनस्पती उगवते. तिच्या बिया आणि ऊन यांचा कोडावरचा उपयोग तेराव्या शतकातल्या इब्न अल-बैतारच्या औषधग्रंथात आला आहे. पुढे १९४८ साली कैरोच्या अब्देल मोनेम एल मोफ्तींनी याच वनस्पतीतलं शुद्ध द्रव्य रुग्णांवर वापरून पाहिलं. आपल्या बावचीच्या बियांमधून जॉइस, मंजुनाथ आणि वेंकटराव या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी १९३३ साली सोरालेन वेगळं केलं होतं. सोरालेन हे नाव बावचीच्या शास्त्रीय नावावरून, सोरालिया कोरिलिफोलियावरून आलेलं आहे.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. ‘हे सगळं आपल्या पूर्वजांना माहीतच होतं’ असं म्हणायचा मोह होतो. त्यांना अनुभव माहीत होता. उन्हातला कोणता किरण लागतो, रसातलं कोणतं द्रव्य लागतं, ते पेशीत काय करतं, हे त्यांना माहीत असण्याचं साधन नव्हतं. अनुभवाला मान द्यावा, पण त्याला सिद्धान्त म्हणू नये. तसं केलं की नंतर ज्यांनी कारण शोधलं त्यांच्यावर अन्याय होतो, आणि अनुभव घेणाऱ्यांचं निरीक्षणही झाकून जातं.

म्युनिकमधलं वादळ

कारण शोधायची सुरुवात म्युनिकमध्ये झाली. १८९७-९८ च्या हिवाळ्यात ऑस्कर राब नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी हेर्मान फॉन टापायनर या प्राध्यापकाकडे काम करत होता. काम साधं होतं. पाण्यात राहणाऱ्या पॅरामेशियम या एकपेशीय जीवावर अ‍ॅक्रिडिन नावाचा रंग किती विषारी आहे, ते मोजायचं. हिवतापाचा जंतूही एकपेशीय, म्हणून हा खटाटोप. पण मोजमाप जुळेना. तेवढाच रंग, तसेच जीव, आणि मरायला लागणारा वेळ मात्र एका दिवशी वेगळा आणि दुसऱ्या दिवशी वेगळा.

एखाद्याने आकडे टाकून दिले असते. राबने फरक कशात आहे ते शोधलं. एका प्रयोगाच्या दिवशी बाहेर वादळ होतं, आभाळ अंधारून आलेलं. त्या दिवशी जीव जास्त वेळ तगले होते. मग त्याने नीट प्रयोग मांडला : नुसता रंग, अंधारात, नुसता उजेड, रंगाशिवाय, आणि दोन्ही एकत्र. पहिल्या दोन्हींत जीव टिकले, तिसऱ्यात मेले. १९०० साली हे छापून आलं. पुढे टापायनर आणि योडलबाउअर यांनी दाखवलं, की तिसरीही एक अट आहे : ऑक्सिजन. तो नसेल तर रंग आणि उजेड असूनही परिणाम होत नाही. १९०४ साली टापायनरने याला ‘फोटोडायनॅमिक’ क्रिया असं नाव दिलं. त्याआधीच, १९०३ साली, टापायनर आणि येझिओनेक यांनी त्वचेच्या गाठींवर इओसिन हा रंग लावून उजेड पाडायचे उपचार करून पाहिले होते.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारी माणसं इथे जरा थांबतो. ‘कारण’ म्हणजे काय? आपण सवयीने एकच कारण शोधतो : याने मारलं, त्याने वाचवलं. न्यायदर्शनाच्या परंपरेत ‘सामग्री’ असा एक शब्द आहे. नुसत्या मातीने घडा होत नाही, नुसत्या कुंभाराने होत नाही, नुसत्या चाकाने होत नाही. सगळी सामग्री जमली की कार्य होतं. काश्मीरच्या जयंत भट्टाने नवव्या शतकात ज्ञानाचं साधन म्हणजे ही सगळी सामग्रीच, असं मांडलं. जॉन स्टुअर्ट मिलही एकोणिसाव्या शतकात म्हणाला, की खरं कारण म्हणजे सगळ्या अटींची बेरीज. राबच्या बशीत हेच दिसतं. रंग मारत नाही, उजेड मारत नाही, ऑक्सिजन तर जगवतो. तिन्ही एका जागी भेटले की पेशी मरते. आणि ज्या घटनेला तीन अटी लागतात, तिला आवर घालायच्याही तीन जागा आपल्या हातात असतात. या उपचाराचं सगळं मर्म इथे आहे.

उजेड एकटा नव्हता

त्याच काळात कोपनहेगनमध्ये नील्स फिन्सेन नुसत्या उजेडाने रोग बरा करत होता. त्वचेचा क्षय हा तेव्हा चेहरा खाऊन टाकणारा रोग होता. फिन्सेनने प्रखर दिव्याचा उजेड भिंगांतून एकवटून त्या जागेवर पाडला, आणि पुष्कळ रुग्ण बरे झाले. १८९६ साली त्याची संस्था उभी राहिली आणि १९०३ साली त्याला नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी तो वारला.

शंभर वर्षांनी, २००५ साली, डेन्मार्कमधल्या संशोधकांनी त्याची जुनी उपकरणं तपासली. जंतू थेट मारणारे तीव्र अतिनील किरण त्या भिंगांतून बाहेर येतच नव्हते. मग रोगी बरे कसे झाले? त्यांचं अनुमान असं, की क्षयाच्या जंतूंमध्येच पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्यं असतात, आणि उजेडाने ती जागी झाली. म्हणजे इथेही दुसरा भिडू होता, फक्त तो कोणाला दिसला नव्हता.

पॉर्फिरिन हे नाव अवघड वाटलं, तरी वस्तू आपल्या अंगातलीच आहे. रक्ताला लाल रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनच्या पोटात पॉर्फिरिनच असतं. ते उजेडाला किती हळवं आहे, हे एका माणसाने स्वतःच्या अंगावर पाहिलं. १९१२ साली जर्मन डॉक्टर फ्रीड्रिख मायर-बेट्सने २०० मिलिग्रॅम हिमॅटोपॉर्फिरिन स्वतःच्या शिरेत टोचून घेतलं. अंधारात काही झालं नाही. उन्हात गेल्यावर मात्र चेहरा आणि हात असे सुजले, की ओळखू येईना. उन्हाचा हा त्रास त्याला दोन महिन्यांहून अधिक काळ झाला. आज असा प्रयोग कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण या उपचाराचा गुण आणि दोष दोन्ही त्याच्या सुजलेल्या चेहऱ्यावर लिहिलेले होते.

रंग होता, दिवा नव्हता

१९२४ साली फ्रान्समध्ये लियों इथे आल्बेर पोलिकारने उंदरांच्या गाठींवर अतिनील उजेड टाकला, तेव्हा गाठी लालसर चमकल्या. म्हणजे पॉर्फिरिन गाठीत साठतं, हेही कळलं. आता सगळं जुळायला हवं होतं. तरी पुढची कित्येक वर्षं फारसं काही झालं नाही. का?

आम्हांला याची तीन कारणं दिसतात. पहिलं, क्ष-किरण आणि रेडियम. हे किरण शरीरात खोलवर जात होते. दिव्याचा उजेड त्वचेखाली काही मिलिमीटर जाऊन थकतो. वैद्यकाचं सगळं लक्ष तिकडे वळलं यात नवल नाही. दुसरं, रंग शुद्ध नव्हता. १९५० च्या दशकात अमेरिकेत मिनेसोटाच्या सॅम्युअल श्वार्ट्झने दाखवलं, की बाजारातलं हिमॅटोपॉर्फिरिन हे भेसळीचं मिश्रण आहे. गंमत अशी, की ते शुद्ध केलं तर गाठीत कमी जातं. गाठीत जायचा गुण त्या भेसळीतच होता. त्यावरून तयार केलेलं द्रव्य रिचर्ड लिप्सनने १९६०-६१ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये वापरलं, तेही आधी गाठ शोधण्यासाठी. तिसरं कारण दिवा. एकाच रंगाचा तीव्र उजेड हवा तिथे नेऊन सोडायचा, तर लेझर आणि काचतंतू हवेत. ते यायचे होते.

हे धागे एकत्र गुंफले ते बफेलो इथल्या रॉझवेल पार्क संस्थेच्या टॉमस डोअर्टीने. जिवंत पेशी आणि मेलेल्या पेशी ओळखायचा एक रंग तो वापरत होता. रंगवलेल्या पेशी उजेडात राहिल्या की मरतात, हे त्याच्या लक्षात आलं. राबचीच गोष्ट पुन्हा घडली, सत्तर वर्षांनी. १९७८ साली त्याने प्रसिद्ध केलेल्या कामात २५ रुग्णांच्या, त्वचेतल्या किंवा त्वचेलगतच्या, ११३ गाठी होत्या. त्यांपैकी १११ गाठी पूर्ण किंवा अंशतः विरल्या.

उपचाराची रीत पुढे ठरत गेली. औषध शिरेतून देतात. ते सगळीकडे जातं, पण निरोगी पेशींतून लवकर निघून जातं आणि गाठीत रेंगाळतं. साधारण दोन दिवसांनी गाठीवर लाल लेझरचा उजेड सोडतात. औषध ती ऊर्जा ऑक्सिजनला देतं आणि ऑक्सिजन क्षणभर पिसाळतो. या पिसाळलेल्या ऑक्सिजनचं आयुष्य इतकं अल्प असतं, की ज्या पेशीत तो जन्मतो तिच्या पलीकडे सहसा जात नाही. पेशी मरते, गाठीच्या रक्तवाहिन्या बंद पडतात. १९९३ साली कॅनडाने मूत्राशयाच्या कर्करोगासाठी आणि १९९५ साली अमेरिकेने अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी फोटोफ्रिन या औषधाला मान्यता दिली. टापायनरच्या पहिल्या रुग्णांपासून मोजलं, तर ९२ वर्षं झाली होती. कल्पनेत उणीव नव्हती. सामग्री जमायची होती.

मायर-बेट्सचा त्रास मात्र राहिला. फोटोफ्रिन घेतलेल्या माणसाला महिनाभर तरी ऊन चुकवावं लागतं. १९९० साली कॅनडाच्या किंग्स्टनमधल्या केनेडी आणि पॉटियर यांनी यावर एक तोडगा मांडला. बाहेरून पॉर्फिरिन द्यायचंच नाही. शरीर ते ज्याच्यापासून बनवतं, ते अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल द्यायचं. पेशी आपला रंग आपणच बनवेल. त्वचेवर ते मलमासारखं लावता येतं, आणि हळवेपण एक-दोन दिवसांत ओसरतं. हेच द्रव्य तोंडाने दिलं, तर मेंदूतली ग्लायोमा ही गाठ निळ्या उजेडात गुलाबी चमकते. सर्जनला कुठवर कापायचं ते दिसतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत या चमकेच्या आधाराने ६५ टक्के रुग्णांची दिसणारी गाठ पूर्ण काढता आली. साध्या उजेडात शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ३६ टक्के होतं.

पत्ता आणि वेळ

आता एर्लिखची वाट आणि राबची वाट एकमेकींना मिळतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या हिसाताका कोबायाशी यांनी २०११ साली हे मांडलं. कर्करोगाच्या पेशीवरची खूण धरणारी अँटीबॉडी घ्यायची आणि तिच्या पाठीवर उजेड शोषणारा एक रंग बांधायचा. अँटीबॉडी पत्त्यावर पोचवते. मग जवळच्या इन्फ्रारेडचा उजेड टाकला, की त्या रंगाची घडण बदलते, तो पाण्यात न मिसळणारा होतो, आणि पेशीचं आवरण फुटतं. इथे पिसाळलेल्या ऑक्सिजनवर फारसं अवलंबून राहावं लागत नाही. खूण नसलेल्या पेशीवर उजेड पडला तरी ती शाबूत, आणि उजेड न पडलेल्या जागी अँटीबॉडी चिकटली तरी ती पेशीही शाबूत. २०२० च्या सप्टेंबरमध्ये जपानने डोकं आणि मान यांच्या, शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या कर्करोगासाठी या पद्धतीच्या पहिल्या औषधाला सशर्त मान्यता दिली.

‘सशर्त’ हा शब्द महत्त्वाचा आहे. वर्तमानपत्रात असे शब्द आधी गळतात. रक्तातून सगळीकडे पसरलेल्या कर्करोगाला उजेड कुठून कुठे दाखवणार? ही पद्धत जागेची आहे, आणि जागा माहीत असावी लागते.

पिशवीत शत्रू दिसत नाही

आता रक्तपेढीत जाऊ. कर्करोगात प्रश्न ‘कुठे’ हा असतो. रक्ताच्या पिशवीत तो प्रश्न नाही. पिशवी समोर आहे, पण तिच्यात शत्रू आहे का आणि कोणता, ते दिसत नाही. मग उजेडाला पत्ता कसा द्यायचा?

उत्तर सुंदर आहे. रुग्णाला आपण देतो त्या लाल पेशी, प्लेटलेट्स आणि प्लाझ्मा यांना पेशीकेंद्रक नसतं. त्यांना आता वाढायचं नसतं, फक्त काम करायचं असतं. विषाणू, जिवाणू, हिवतापाचे जंतू यांना मात्र वाढायचं असतं, आणि वाढायला डीएनए किंवा आरएनए लागतं. म्हणजे ‘ज्याला वाढायचंय तो शत्रू’ अशी खूण आपोआप मिळाली. त्या धाग्यालाच गाठ मारली की काम झालं.

ही गाठ मारणारं द्रव्य कोणतं? सोरालेन. आपल्या बावचीतलं. ते डीएनएच्या दोन पदरांमध्ये शिरून बसतं, आणि अतिनील-ए किरण पडले की दोन्ही पदरांना टाचून टाकतं. १९७४ साली अमेरिकेत सोरालेन आणि अतिनील-ए यांचा उपचार सोरायसिसवर आला. १९८७ साली येल विद्यापीठाच्या रिचर्ड एडेलसनने त्वचेतल्या टी-पेशींच्या लिम्फोमावर तो वेगळ्या रीतीने केला : रुग्णाला सोरालेन द्यायचं, त्याच्या पांढऱ्या पेशी शरीराबाहेर काढून त्यांना उजेड द्यायचा आणि परत आत सोडायच्या. ३७ रुग्णांपैकी २७ जणांना गुण आला. कर्करोगाकडून रक्ताकडे जाणारा पूल इथेच बांधला गेला.

पण रक्तपेढीपर्यंतचा रस्ता दुःखाचा आहे. मिथिलीन ब्लू आणि उजेड मिळून विषाणू मारतात, हे पेर्द्रो आणि टॉड यांनी इंग्लंडमध्ये १९३३ सालीच दाखवलं होतं. बावचीतून सोरालेन वेगळं झालं तेही त्याच वर्षी. पुढे नुसत्या अतिनील किरणांनी प्लाझ्मा शुद्ध करायचा प्रयत्न झाला. पण कोरियाच्या युद्धात असा प्लाझ्मा दिलेल्या सैनिकांना कावीळ झालीच, आणि त्या वाटेवरचा विश्वास उडाला. मग १९८० च्या दशकात एड्स आला. हिमोफिलियाच्या रुग्णांना हजारो दात्यांच्या एकत्र केलेल्या प्लाझ्मापासून बनवलेलं औषध लागायचं. अमेरिकेत त्यांच्यापैकी निम्म्याच्या आसपास लोकांना त्या औषधातूनच एचआयव्ही झाला. जगवणाऱ्या औषधानेच घात केला. १९३३ चं ज्ञान कपाटात होतं. ते बाहेर काढायची निकड मात्र माणसं मेल्यावर वाटली.

१९८५ पासून अशा औषधांतले विषाणू साबणासारख्या द्रव्याने मारायची पद्धत आली. १९९० च्या दशकात जर्मनीत मिथिलीन ब्लू आणि उजेड यांनी प्लाझ्मा सुरक्षित करणं सुरू झालं. एर्लिखचा निळा रंग असा शंभर वर्षांनी रक्ताच्या कामाला आला. सोरालेनच्या कुळातलं अमोटोसालेन २००२ साली युरोपात प्लेटलेट्ससाठी आणि २०१४ साली अमेरिकेत प्लेटलेट्स व प्लाझ्मासाठी मान्य झालं. रायबोफ्लेव्हिन, म्हणजे आपलं ब-२ जीवनसत्त्व, आणि अतिनील किरण अशीही एक पद्धत आहे.

प्लेटलेट्सचीच एवढी काळजी का? लाल पेशी फ्रिजमध्ये राहतात. प्लेटलेट्स मात्र २० ते २४ अंशांवर, सतत हलवत ठेवाव्या लागतात, आणि साधारण पाच दिवसच टिकतात. दात्याच्या त्वचेवरचा एखादा जिवाणू पिशवीत गेला, तर त्याला ही ऊब मानवते. केमोथेरपी चालू असलेल्या, प्रतिकारशक्ती उरली नसलेल्या रुग्णाला अशी पिशवी लागली तर ती प्राणावर बेतू शकते. कर्करोगाचा रुग्ण आणि रक्तसुरक्षा हे दोन विषय असे एकाच खाटेवर येतात.

चाचणी आणि ही पद्धत यांत एक मूलभूत फरक आहे. चाचणी म्हणजे नाव घेऊन विचारलेला प्रश्न : ‘एचआयव्ही आहे का?’ ज्याचं नाव आपल्याला माहीत नाही, त्याच्याबद्दल ती गप्प बसते. उजेडाची पद्धत नाव विचारत नाही. २००५-०६ मध्ये हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर चिकुनगुन्याची प्रचंड साथ आली. तीच साथ २००६ साली आपल्या महाराष्ट्रातही आली, अनेकांना ते सांधे आठवत असतील. बेटावरचं रक्तदान थांबवावं लागलं. लाल पेशी आणि प्लाझ्मा फ्रान्समधून मागवता येत होता. पण पाच दिवस टिकणाऱ्या प्लेटलेट्स इतक्या लांबून कशा पुरवायच्या? तेव्हा स्थानिक दात्यांच्या प्लेटलेट्स अमोटोसालेनने प्रक्रिया करून वापरल्या गेल्या. स्वित्झर्लंडने २०११ पासून आणि फ्रान्सने २०१७ पासून सगळ्याच प्लेटलेट्ससाठी ही पद्धत लागू केली.

मर्यादाही सांगायला हव्यात. कावीळ अ आणि ई यांचे विषाणू आणि पार्वोव्हायरस यांच्यावर तिचा जोर कमी पडतो. जिवाणूंचे बीजाणू दाद देत नाहीत. प्रायॉनमध्ये तर डीएनए-आरएनए नसतंच, त्यामुळे गाठ मारायला धागाच नाही. आणि सगळ्यांत मोठी मर्यादा लाल पेशींची आहे. लाल रंगच अतिनील उजेड गिळतो. पिशवीच्या आतपर्यंत तो पोचत नाही. म्हणून लाल पेशींसाठी उजेडाशिवाय काम करणारी रसायनं शोधावी लागत आहेत. गाठीत उजेडाला वाट करून देणारं पॉर्फिरिन, रक्तात मात्र हिमोग्लोबिनच्या रूपाने उजेडाची वाट अडवतं.

आपल्याकडे

शेवटी आपल्या दाराशी येऊ. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, जन्मभर. त्याला लागतात त्या लाल पेशीच, ज्यांच्यापुढे उजेड थांबतो. त्या मुलाचं रक्षण आज कोण करतं? चांगली चाचणी, आणि त्याआधी चांगला दाता. भारतात १९८९ पासून रक्ताची एचआयव्ही चाचणी सक्तीची झाली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला, आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं. गरजेपोटी रक्त विकणारा माणूस आपला आजार सांगत नाही. सांगितला तर त्याची चूल पेटत नाही. स्वेच्छेने देणाऱ्याला लपवायचं कारण नसतं. आपल्या गावोगावच्या रक्तदान शिबिरांतला तो फॉर्म, ज्यात आजार, औषधं, प्रवास विचारतात, तो खरा भरणं ही रक्तसुरक्षेची पहिली पायरी आहे. कुठलाही दिवा तिची जागा घेत नाही.

कर्करोगातही तसंच. जगातल्या तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश आपल्या देशात आहेत. तंबाखू, गुटखा, सुपारी ही कारणं आपल्याला पाठ आहेत. तोंड ही उजेड पोचेल अशी जागा आहे, आणि सुरुवातीची गाठ पातळ असते. अलीगढच्या वैद्यकीय महाविद्यालयात अमेरिकन संशोधकांच्या सहकार्याने बॅटरीवर चालणारा स्वस्त एलईडी दिवा आणि अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल यांचा उपचार तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगावर छोट्या प्रमाणावर करून पाहिला गेला आहे. लेझरशिवाय, वीज गेली तरी चालेल असा दिवा. ही खरी आपल्या कामाची दिशा आहे. पण ‘सुरुवातीचा’ हा शब्द पुन्हा अट घालतो. तोंडात पांढरा-लाल चट्टा दिसल्यावर दोन आठवड्यांत डॉक्टरकडे गेलेल्या माणसालाच हा दिवा उपयोगी पडेल. वर्षभर चुना-तंबाखूच्या आड लपवलेल्या गाठीपर्यंत तो पोचणार नाही.

या इतिहासातून आम्ही एवढंच घेतो. रंग, उजेड आणि ऑक्सिजन या राबच्या तीन अटी होत्या. प्रयोगशाळेबाहेर आणखी तीन लागतात : वेळेवर आलेला रोगी, खरं बोलणारा दाता, आणि कपाटातलं ज्ञान माणसं मरायच्या आधी बाहेर काढणारी व्यवस्था. पहिल्या तीन अटी जुळवायला शास्त्रज्ञांना शंभर वर्षं लागली. उरलेल्या तीन जुळवायला शास्त्रज्ञ लागत नाहीत, आपण लागतो.